जादूची शाळा दिसली की नक्कलच?

एखाद्या मंगात, म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये, जादूची शाळा, गणवेश, परीक्षा आणि मारामारी दिसली की ‘ही हॅरी पॉटरची जपानी नक्कल’ असा शेरा हमखास येतो. पण पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७चं. ‘शोनेन जंप’ या जपानी मंगा साप्ताहिकात ‘साकिगाके!! ओतोकोजुकु’ सुरू झाली १९८५ मध्ये: दांडगट पोरांची शाळा आणि तिथल्या जिवावरच्या लढती. जादू नाही, पण शाळा म्हणजेच आखाडा, ही कल्पना तेव्हाच रुळलेली होती. ‘मॅशल’ (२०२०) पॉटरची उघड थट्टा करते, ते वेगळं. तिथला नायक जादूशून्य, सगळं दंडाच्या जोरावर आणि क्रीम पफवर चालतं.

दुसरा गैरसमज जास्त खटकतो: जादू जितकी जबरी, तितकी लढाई रंगतदार. उलट, मजा अटींमध्ये असते. ‘जुजुत्सु काइसेन’ या मंगामधला मांत्रिक नानामी बघा. समोरच्याला तो दहा भागांत मोजतो. सात आणि तीनच्या सांध्यावर घाव बसला, तरच तो निर्णायक. आणि हे गुपित तो शत्रूला स्वतःच सांगून टाकतो! आपली विद्या उघड केली की तिची ताकद वाढते, असा तिथला नियमच आहे. म्हणजे लढता लढता भाषण ठोकायची जपानी कॉमिक्सची जुनी खोड इथे चक्क डावपेच झाली. शिवाय हा पूर्वाश्रमीचा नोकरदार. कामाची वेळ संपेपर्यंत हात राखून लढतो, ओव्हरटाइम लागला की पूर्ण जोर. घड्याळाकडे बघणारा मांत्रिक! मला तरी काठीतून निघणाऱ्या दहा विजांपेक्षा हाच आवडतो.