मंचावर एकटा पियानो

मंचावर एकच पियानो, एकच वादक आणि समोर स्वरलिपीचा कागद नाही. हे दृश्य आता इतकं सवयीचं झालंय की पूर्वापार असंच चालत आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात ही रीत दोनशे वर्षांचीही नाही.

वाद्य मात्र जुनं. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं ते १७०० च्या सुमारास घडवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जाई. यानं तिच्यावर हातोडी मारली, आणि बोटाच्या जोरानुसार आवाज लहानमोठा होऊ लागला. तरी पुढची शंभराहून अधिक वर्षं वादकाला अख्खी संध्याकाळ काही मिळाली नाही. थोडं गाणं, थोडा वाद्यवृंद, मधेच पियानो, असा सरमिसळ कार्यक्रम असे.

ती चाकोरी मोडली हंगेरियन पियानोवादक फ्रान्झ लिस्टनं. १८४० साली लंडनमधल्या त्याच्या एकल वादनाच्या जाहिरातीत 'रिसायटल', म्हणजे पठण, हा शब्द आला, तेव्हा पियानोवर पठण कसं करणार, असं लोक विचारू लागले. लिस्टभोवती वलय होतं, चाहत्यांचा उन्माद होता. पण १८४७ मध्ये, पस्तिशीतच, पैसे घेऊन कार्यक्रम करणं त्यानं थांबवलं.

माझ्या मते या पेशाचं खरं आयुष्य पाहायचं तर जर्मन पियानोवादक क्लारा शुमानकडे बघावं. नवव्या वर्षी, १८२८ मध्ये, ती लाइपझिगच्या गेवांडहाउस या संगीत सभागृहात वाजवायला बसली. गुरू म्हणजे वडील, फ्रीडरिश वीक. लेकीची रोजनिशीसुद्धा तेच लिहीत, तीही 'मी' म्हणून! १८३७ साली बर्लिनमध्ये तिनं बेथोव्हनचा 'अपासिओनाता' सोनाटा कागदाशिवाय वाजवला. तेव्हा ते अनेकांना उद्धटपणाचं वाटलं. लेखिका बेटिना फॉन आर्निमनं तर बोलूनही दाखवलं. आज कागद घेऊन बसणाऱ्यालाच लोक जरा निरखून बघतात.

संगीतकार रॉबर्ट शुमानशी लग्न करायला तिला वडिलांविरुद्ध कोर्टात जावं लागलं. घराच्या भिंती पातळ; नवरा रचना करत असेल तेव्हा हिचा रियाझ बंद. तिला आठ मुलं झाली. १८५६ मध्ये रॉबर्ट गेला, तेव्हा त्यांतली सात हयात होती आणि घर चालायचं ते हिच्या दौऱ्यांवर. इंग्लंडला तर ती कितीदा गेली. पुढे हात दुखू लागला, कार्यक्रम रद्द करावे लागले. १८७८ पासून ती फ्रँकफुर्टच्या होख संगीतशाळेत शिकवू लागली, तरी वाजवणं सुटलं नाही. शेवटचा जाहीर कार्यक्रम १८९१ चा.

कार्यक्रमांची छापील पत्रकं ती पहिल्यापासून जपून ठेवत आली होती. ती भरतात सुमारे १३००.