मेणवलीची घंटा लहरत का वाजते?

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. देवळातली घंटा सात धातूंची असते, तिचा नाद सात सेकंद टिकतो, त्याने शरीरातली सात चक्रं जागी होतात आणि हवेतले जंतू मरतात. मी साताऱ्यात राहतो, इथून वाईला गेलं की पुढे अगदी जवळ मेणवली, आणि तिथे कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळापाशी छोट्या दगडी घुमटीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ज्याला घंटेचं विज्ञान समजून घ्यायचंय त्याने फॉरवर्ड बाजूला ठेवून ती घंटा बघावी.

जवळ जाऊन नीट बघितलं की तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते, आणि साल १७०७. म्हणजे औरंगजेब गेला, शाहू महाराज सुटून साताऱ्याकडे यायला निघाले, त्याच वर्षातली ही घंटा. नाना फडणवीसांच्या गावात ती आली वसईच्या किल्ल्यातून. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि त्यांनी खाडीच्या तोंडावर तटबंदीच्या आत अख्खं बंदराचं शहर वसवलं. एक दरवाजा समुद्राकडे, एक जमिनीकडे, आत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा वेगवेगळ्या पंथांची चर्च, आणि चर्च म्हटलं की घंटा आल्याच. दोनशे वर्षं हे चाललं. मग १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वेढा घातला, तटाखाली सुरुंग लावले, बुरुज उडवले, आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. तिथल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी सह्याद्री चढवून देशावर आणल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच, भीमाशंकरलाही एक आहे. पुढे १७८० ला वसई इंग्रजांकडे गेली आणि १८०२ चा वसईचा तह तर आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलाय.

आता धातू. चर्चच्या घंटेला साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील लागतं, बस्स. म्हणजे आपलं कासं, आजी तळपाय घासायला जी काशाची वाटी वापरायची ना, जवळजवळ तेच. नुसत्या तांब्याची घंटा केली तर ठोका दिल्यावर धप्प वाजून गप्प होईल, कारण तांबं मऊ, त्यातल्या अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि ठोक्याची ऊर्जा आतल्या आत उष्णता होऊन संपते. कथील भरपूर घातलं की धातूत कडक कण तयार होतात, थर सरकू शकत नाहीत, आणि ऊर्जा कंपनातच अडकून राहते म्हणून नाद लांबतो. याची किंमत म्हणजे ठिसूळपणा. तोफेच्या काशात कथील साधारण दहा टक्केच ठेवायचे, कारण तोफ चिवट हवी. साडेसहाशे किलोच्या आसपास वजन सांगतात या घंटेचं, ती सह्याद्री चढताना एकदा जरी आपटून तडकली असती तर आज नुसती खडखडली असती.

पण मला खरी गंमत वाटते ती नादाच्या लहरण्याची. ठोका दिल्यावर आवाज सरळ कमी होत जात नाही, मोठा होतो, बारीक होतो, परत मोठा होतो, हुंऽऽऊ-हुंऽऽऊ असा. असं का?

घंटेची कड वाजताना गोल राहत नाही. ती जरा लांबट होते, मग परत गोल, मग आडवी लांबट, असं सेकंदाला शेकडो वेळा, डोळ्यांना दिसणार नाही इतकं थोडं. यात कडेवर चार जागा जोरात हलतात आणि त्यांच्या मधल्या चार जागा जवळपास स्थिर असतात. आता घरातला हँडलवाला चिनी मातीचा मग घ्या आणि चमच्याने कडेवर टकटक करा. हँडलच्या बरोबर समोर वाजवलं की एक स्वर येतो, तिथून साधारण अर्ध्या काटकोनाएवढं सरकून वाजवलं की स्वर चढतो. करून बघाच, फरक स्पष्ट ऐकू येतो. कारण पहिल्या वेळी हँडल हलणाऱ्या जागेवर येतं, ते वजन वागवत कड हळू हलते. दुसऱ्या वेळी हँडल स्थिर जागेवर असतं, त्याचं ओझं लागत नाही, कड भराभर हलते.

घंटेला हँडल नसतं पण ती पूर्ण सारखी कधीच नसते. एका बाजूला उठावाचं चित्र, कुठे साच्यात धातू थोडा जाड, कुठे पातळ. म्हणून तिच्यातही असे दोन स्वर असतात, अगदी जवळजवळचे. समजा एक २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा, आणि दुसरा २०२ चा. टोला बसला की दोन्ही एकदम वाजतात, कधी त्यांच्या लाटा जुळतात आणि आवाज वाढतो, कधी एकमेकींना मारतात आणि आवाज पडतो, हे सेकंदाला दोन वेळा. मिरजेत तंबोरा लावताना कारागीर जोडीच्या तारांमध्ये हीच लहर ऐकतात आणि ती थांबेपर्यंत खुंटी पिळतात. घंटेला खुंटी नाही.

त्यात आणखी एक, घंटेत एकच स्वर नसतो. युरोपातल्या चर्चच्या घंटेत साधारण खर्जातला सा, त्याच्या वरचा सा, कोमल गंधार, पंचम आणि तार सा एकत्र वाजतात, आणि यातल्या प्रत्येकाची अशी जुळी जोडी, प्रत्येकीची लहर वेगळ्या वेगाची. कोमल गंधारामुळे तो आवाज जरा उदास वाटतो.

जंतू मात्र यातल्या कशानेच मरत नाहीत. ध्वनीने जंतू मारायला द्रवात सोडलेला, कानाला ऐकू न येणारा, वीस हजार हर्ट्झच्या वरचा जोरदार अल्ट्रासाऊंड लागतो. आणि ही समजूत फक्त आपलीच नाही, युरोपात वीज पळवायला म्हणून वादळात चर्चच्या घंटा बडवायचे आणि मनोऱ्यात दोर धरून उभी असलेली माणसंच विजेने मरायची.

मागच्या रविवारी लेकीला घेऊन मेणवलीला गेलो. घंटेला तळहाताच्या गादीने हलकेच थोपटलं आणि कान कडेजवळ नेला, खर्जाची लहर एकदम स्वच्छ. मग जागा बदलत थोपटत गेलो तर एका ठिकाणी लहर जवळजवळ बंदच झाली, नुसता सरळ हुंकार, कारण तिथे जोडीतला एकच स्वर जागा होतो. एक वीत बाजूला सरकलो की लहर परत चालू. पूर्ण फेरीत अशा आठ जागा मिळायला हव्यात. आम्हाला तीन सापडल्या तोवर घाटावर अंधार पडला.