तीनदा ऐकलेली अफवा

‘आगीशिवाय धूर निघत नाही’ असं म्हणत आपण एखाद्या संस्थेवरचा विश्वास सोडून देतो. मला या म्हणीची धास्ती वाटते. एकच वाक्य तीन-चारदा कानावर पडलं, तरी धूर दिसू लागतो.

१९७७ मध्ये लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टाइन आणि थॉमस टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा बोलावलं. दर वेळी ६० विधानं. प्रत्येक विधान कितपत खरं वाटतं, याला १ ते ७ गुण द्यायचे. काही विधानं तिन्ही वेळा आली. खरी असोत वा खोटी, त्यांचे गुण वाढले. एकदाच आलेल्यांचे वाढले नाहीत.

वाक्याचा अर्थ लावायला मेंदूला श्रम पडतात. तेच वाक्य पुन्हा आलं की ते झरझर उलगडतं, आणि हा सोपेपणा मेंदू खरेपणाची खूण समजतो. ज्ञानही दर वेळी वाचवत नाही. २०१५ मध्ये लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी ‘स्कॉटिश लोकांच्या आखूड, चुणीदार वस्त्राला साडी म्हणतात’ अशी वाक्यं वापरली. बरोबर उत्तर ठाऊक असणाऱ्यांनाही दुसऱ्यांदा वाचलेली वाक्यं थोडी अधिक खरी वाटली!

आता न्यायालय, मध्यवर्ती बँक किंवा निवडणूक यंत्रणा घ्या. त्यांचं काम आतून फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. बाकीच्यांना कळतं ते माध्यमांतून. छापील बातमीवर वर्तमानपत्राचं नाव असतं, चूक झाली तर तिथेच खुलासा छापता येतो. फोनवर तोच आरोप सकाळी नातेवाईक पाठवतो, दुपारी सहकारी, रात्री एखादा व्हिडिओ. उगम एकच, पण आपण साक्षीदार तीन धरतो. कुठे वाचलं ते विसरतं, ओळखीचं वाटणं तेवढं उरतं. दिवसभर तीच पट्टी फिरवणाऱ्या वृत्तवाहिन्याही हेच करतात.

‘अल्गोरिदम (फोनवर आपल्याला काय दिसावं हे ठरवणारी संगणकीय प्रणाली) मेंदूचा ताबा घेतो’ ही भडक भाषा मात्र मला मान्य नाही. परिणाम लहान असतो. २०१८ मध्ये गॉर्डन पेनिकूक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत ‘पृथ्वी अगदी चौरस आहे’ यासारखी वाक्यं पुन्हा दाखवूनही खरी वाटली नाहीत. खोट्या बातम्यांचे मथळे मात्र एकदा आधी पाहिलेले असले तरी अधिक खरे वाटले, ‘वादग्रस्त’ असा शिक्का असूनही. संस्थांवरचे आरोप चौरस पृथ्वीइतके अचाट क्वचितच असतात. ‘मतमोजणीत काहीतरी झालं असेल’ हे शक्य कोटीतलं वाटतं, म्हणूनच त्याची उजळणी धोक्याची.

पहिल्या वाचनातच ‘हे खरं आहे का?’ याचा निवाडा करायला लावलं, तर हा परिणाम टळू शकतो असं पुढच्या प्रयोगांत दिसलं. पण त्यासाठी वाचकाला मुळात बरोबर माहिती असावी लागते. मतमोजणी टप्प्याटप्प्याने कशी होते, हे बातमीत आरोपाइतक्याच ठळकपणे आणि तितक्याच वेळा यायला हवं.