लक्षद्वीपला जायचंय? विमानाच्या तिकिटाआधी परवान्याचं बघा

कल्याण, पनवेल, रत्नागिरी करत मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस रोज कोकणातून खाली जाते. नाव लक्षद्वीपचं असलं तरी गाडी संपते एर्नाकुलमला, म्हणजे कोचीत. तिथून पुढे समुद्र, आणि तो ओलांडायला नुसतं तिकीट पुरत नाही. भारतीय नागरिक असलात तरी लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना काढावाच लागतो. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीचे फोटो आले आणि ‘मालदीवपेक्षा हेच बरं’ म्हणत अनेकांनी चौकशी सुरू केली. तेव्हापासून एक घोळ सारखा दिसतो: लोक आधी तिथल्या अगत्ती बेटाचं विमान बुक करतात आणि मग परवाना कसा काढायचा ते विचारतात. क्रम उलटा हवा.

ही अट काही नवी नाही. बेटांवरच्या प्रवेशाचे आणि वास्तव्याचे नियम १९६७ चे आहेत. एकूण ३६ बेटं, वस्ती फक्त १० बेटांवर, सगळी जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यातले बहुसंख्य अनुसूचित जमातीचे. गोडं पाणी म्हणाल तर वाळूखाली साठलेला पातळ थर, तो जास्त उपसला की खारं पाणी वर येतं. अशा जागी कोण येतंय, किती दिवस राहतंय याची नोंद ठेवली जाते, यात मला तरी काही गैर वाटत नाही.

परवान्यातून सूट आहे ती मूळ बेटवासीयांना आणि तिथे कामावर असलेल्या किंवा कामासाठी जाणाऱ्या सरकारी व लष्करी मंडळींना. पर्यटकाला सूट नाही. भारतीय पर्यटक साधारणपणे कवरत्ती, अगत्ती, बंगाराम, कदमत, कल्पेनी आणि मिनिकॉय इथे जातात. सोबत परदेशी पासपोर्टवरचा भाऊ-बहीण किंवा जावई असेल तर त्याचं प्रकरण वेगळं: पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जोडाव्या लागतात आणि बेटंही मोजकीच मिळतात, मुख्यतः अगत्ती, बंगाराम, कदमत. त्यामुळे सगळ्यांनी मिळून मिनिकॉयचं दीपगृह बघायचा बेत असेल तर आधी हे तपासा.

आता खरा प्रश्न: अर्जात ‘कुठे राहणार’ या रकान्यात काय लिहायचं? इथेच बहुतेकांचं अडतं. सोपी वाट म्हणजे प्रशासनाच्या पर्यटन संस्थेची, म्हणजे ‘स्पोर्ट्स’ची सहल. (नाव खेळांचं वाटतं, पण सरकारी पर्यटनाचं काम तिच्याकडेच आहे.) ‘समुद्रम’ या सहलीत कोचीहून जहाजाने निघायचं, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचं आणि रात्री जहाजावरच झोपायचं. परवान्याची धावपळ आयोजकच करतात, तुम्ही कागद वेळेवर द्यायचे. दुसरी वाट होमस्टे किंवा खासगी सहल आयोजकाची. तिथे पैसे भरण्याआधी एकच विचारा: परवान्याचा अर्ज कोण करणार, तुम्ही की आम्ही? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. तिसरी वाट बेटावरच्या ओळखीच्या माणसाची. तो तुमचा यजमान, म्हणजे ‘स्पॉन्सर’ होतो.

स्वतः अर्ज करणार असाल तर लक्षद्वीप प्रशासनाच्या ई-परमिट संकेतस्थळावर खातं उघडा. प्रवासाच्या तारखा आणि बेटांची नावं भरा. ज्या बेटावर उतरायचा विचार आहे ते अर्जातच लिहा, तिथे गेल्यावर ‘शेजारचंही बघून येऊ’ असं करता येत नाही. अर्जाचं शुल्क माणशी ५० रुपये, शिवाय वारसा शुल्क १२ ते १८ वयाला १०० आणि त्यापुढे २०० रुपये. भरताना संकेतस्थळावर दिसेल तो आकडा अंतिम धरा.

कागदांत पासपोर्ट आकाराचे फोटो आणि ओळखपत्राची प्रत हे घरात असतंच. वेळ खातं ते पोलिसांचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रात ते चारित्र्य पडताळणीच्या नावाने मिळतं, अर्ज ऑनलाइन करता येतो, पण पडताळणीसाठी पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं आणि त्याचे दिवस आपल्या हातात नसतात. भाड्याने राहत असाल आणि आधारवर गावचा पत्ता असेल तर आणखी एक फेरी धरा. म्हणून माझा सल्ला: राहण्याची सोय नक्की झाली की त्याच दिवशी हा अर्ज टाका आणि निघायच्या आधी निदान महिनाभर हाताशी ठेवा. अर्जातलं नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळू द्या. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असं आपल्याकडे सर्रास असतं.

परवाना हातात आला की मग तिकीट. कोचीहून जहाजाला बेटानुसार १४ ते १८ तास लागतात, विमान फक्त अगत्तीला उतरतं. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, त्या दिवसांत जहाजाचा बेत नकोच. एक गोष्ट ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावी: बऱ्याच बेटांवर मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, भर समुद्रात लहान बोटीत उतरावं लागतं. खलाशी हात धरतात, पण गुडघे दुखणाऱ्याला ते जड जातं.

बेटावर पोचल्यावर परवाना तिथल्या पोलीस ठाण्यात दाखवून नोंद करायची असते. त्यासाठी दोन-तीन छापील प्रती ठेवा, मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. रोख रक्कमही सोबत हवी. दारू बंगाराम सोडून सगळीकडे बंद आहे, त्यामुळे बॅगेत बाटली नको. परतताना सामान तपासलं जातं. प्रवाळाचा तुकडा उचलणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. मुलं बरोबर असतील तर निघायच्या आधी त्यांचे खिसे एकदा झटकून बघा.