मॉर्फीनची गोळी घरात आली की

ग्वाल्हेरात मुरारच्या मॉल रोडवर केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आहे. देशात अफू कोणी पेरायची आणि किती जागेत पेरायची, याचे परवाने हे खातं देतं. अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक जिल्ह्यांत चालते. आपल्या मध्य प्रदेशात ती मुख्यतः मंदसौर-नीमचकडे. थंडी ओसरू लागली की तिथे बोंडांना चिरे देतात, रात्रभर चीक पाझरतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. तो चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो. बोंडातले दाणे वेगळे निघतात. दिवाळीत अनारशाला लावतो ती खसखस हीच.

अफूचा असा शेजार असूनही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या मराठी घरात डॉक्टरांनी अफूपासूनच बनणारी मॉर्फीनची वेदनाशामक गोळी लिहून दिली, की घरात कुजबुज सुरू होते. पुण्याहून आत्याचा फोन येतो.

"अरे, वहिनीला अफूवर ठेवलंय म्हणे?"

"आत्या, कॅन्सरच्या डॉक्टरांनीच लिहून दिलीय."

"ते खरं रे, पण अगदीच सोसेनासं झालं तरच दे. एकदा सवय लागली की सुटत नाही हो."

आत्याच्या बोलण्यात माया आहे, सल्ला मात्र चुकीचा आहे. गंमत म्हणजे याच आत्याच्या पर्समध्ये गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉलची पट्टी असते आणि ती त्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या घेते. ट्रॅमाडॉलही त्याच घराण्यातलं. एप्रिल २०१८ पासून ते नार्कोटिक्स कायद्याखाली आलं आहे. पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापलेलं असतं, ते याच कारणाने. माझं म्हणणं एवढंच आहे, की या औषधांची भीती आपण बाळगतो, पण भलत्या ठिकाणी बाळगतो. जिथे घाबरायला नको तिथे रुग्णाला तळमळत ठेवतो आणि जिथे डोळे उघडे हवेत तिथे निर्धास्त झोपतो.

आधी ही औषधं करतात काय ते पाहू. जर्मनीतला औषधं बनवणारा तरुण फ्रीड्रिख सेर्ट्युर्नर याने १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फीन वेगळं काढलं. अफूच्या चिकात ते साधारण दहावा हिस्सा असतं. ते शरीरात नेमकं कुठे जाऊन बसतं, हे कळायला पुढची पावणेदोनशे वर्षं गेली. १९७३ मध्ये मेंदूत त्याच्यासाठीच्या खास जागा, म्हणजे रिसेप्टर, सापडल्या. मग प्रश्न आला, की खसखशीच्या झाडातल्या रसायनासाठी माणसाच्या मेंदूत जागा कशाला? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला मिळालं. ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी दाखवून दिलं, की शरीर स्वतःच अशी वेदनाशामक द्रव्यं तयार करतं. मॉर्फीन त्या जागा बळकावतं. पाठीच्या कण्यातून मेंदूकडे निघालेला वेदनेचा निरोप त्यामुळे दबतो आणि मेंदूही त्या निरोपाला पूर्वीइतकं महत्त्व देत नाही. "दुखतंय, पण आता त्याचं काही वाटत नाही," असं रुग्ण सांगतात, ते अगदी अचूक वर्णन आहे.

आता सवयीबद्दल. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकाच मोळीत बांधतो. काही आठवडे औषध घेतलं की शरीर त्याला सरावतं आणि तेवढ्याच परिणामासाठी कधी मात्रा वाढवावी लागते, ही पहिली. औषध एकदम बंद केलं तर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब, तगमग सुरू होते, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी कोणाच्याही शरीरात घडतात, त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नाही. मात्रा हळूहळू उतरवत नेली की दुसरी टळते. तिसरी गोष्ट म्हणजे व्यसन: दुखणं नसतानाही औषधामागे धावणं, नुकसान दिसत असून न थांबणं. ते खरंच होऊ शकतं. ज्यांना आधी दारूचं किंवा इतर नशेचं व्यसन होतं त्यांना, आणि कंबरदुखीसारख्या जुनाट दुखण्यासाठी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून अशा गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या, त्याचे परिणाम जगाने पाहिले. म्हणून ऑपरेशननंतर दिलेली पट्टी थोड्या दिवसांपुरती असते आणि डॉक्टरांनी "आता साध्या गोळीवर या" म्हटलं की यावं.

पण कॅन्सरच्या वेदनेत "सोसेनासं झालं तरच" हे सूत्र उलटं पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच सांगितलं, की शक्यतो तोंडाने आणि घड्याळाप्रमाणे औषध द्या. साध्या मॉर्फीनच्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. वेदना भडकू दिली की ती विझवायला जास्त औषध लागतं आणि दोन गोळ्यांमधला सगळा वेळ रुग्ण पुढच्या कळेची वाट पाहत काढतो. आपल्याकडे याला कायद्याचीही साथ मिळाली. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे वर आलेल्या नार्कोटिक्स कायद्यानंतर परवान्यांचं जंजाळ इतकं वाढलं, की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं आणि देशातला वैद्यकीय वापर झपाट्याने घटला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी हे औषध न हाताळताच तयार झाली. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी केली. तरीही अफू पिकवणाऱ्या आपल्याच राज्यातल्या रुग्णाच्या नातेवाइकाला मॉर्फीनच्या गोळीसाठी चार ठिकाणी विचारत फिरावं लागू शकतं. याला काय म्हणावं?

मग घाबरायचं कशाला? श्वासाला.

मेंदूच्या बुंध्याशी श्वास चालवणारं केंद्र असतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते पुढचा श्वास घ्यायला लावतं. अफूजन्य औषधं ही जाणीव बोथट करतात. गच्चीवरची टाकी भरली की वाजणारा अलार्म बिघडून उशिरा वाजू लागावा, तसं होतं. श्वास मंदावतो आणि रुग्णाला घुसमट जाणवत नाही, कारण घुसमट जाणवून देणारी यंत्रणाच गुंगीत असते. बहुतेक वेळा श्वास बिघडण्याआधी गुंगी वाढते, आणि हीच आपल्या हातातली संधी असते.

ती निसटते कशी, ते पाहा. आजोबांचं ऑपरेशन झालंय, घरी आणून दुसरा दिवस. नवीन गोळी सुरू आहे. शिवाय त्यांची रोजची झोपेची अल्प्राझोलामची गोळी आहेच, ती कोणी मोजतच नाही. दुपारी आजोबा पडल्या पडल्या घोरू लागतात. आजी दार लोटून घेते आणि सुनेला म्हणते, "किती दिवसांनी शांत झोपलेत गं! उठवू नकोस." अशा वेळी उठवायलाच हवं. नेहमी न घोरणारा माणूस जड, घरघरत्या आवाजात घोरू लागला, हाक मारून, खांदा हलवून नीट जागा होत नसेल, बोलता बोलता डोळे मिटत असतील, तर घड्याळ लावून छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. तो १० च्या खाली गेला, ओठ निळसर दिसले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर पुढची गोळी द्यायची नाही, रुग्णाला कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. श्वास थांबलाच असेल तर छाती दाबणं आणि कृत्रिम श्वास, फोनवरच्या सूचनांप्रमाणे. रुग्णालयात नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देतात. ते मॉर्फीनला त्याच्या जागेवरून ढकलून देतं आणि माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. मात्र त्याचा असर तासा-दीड तासात ओसरतो आणि गोळी शरीरात त्याहून जास्त वेळ असू शकते. म्हणून शुद्धीवर आलेल्याला लगेच घरी न्यायची घाई करू नये.

करोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. ते लावा, पण त्याच्या आकड्यावर विसंबू नका. रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर श्वास मंदावूनही आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो.

सर्वाधिक घात होतो तो जोडीने. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या, दारू, काही ॲलर्जीच्या आणि खोकल्याच्या औषधांतली गुंगी, हे सगळं मॉर्फीनच्या बाजूने ओढतं. डॉक्टरांकडे जाताना प्रिस्क्रिप्शनची फाइल नेतोच. त्याबरोबर घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिकही. ट्रॅमाडॉलची आणखी एक खोड आहे. ते नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर पटत नाही. थरथर, घाम, ताप, फेफरं येऊ शकतं. ज्यांना आधीच फिट येतात त्यांनी हे डॉक्टरांना न विसरता सांगावं. शिवाय ट्रॅमाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. वरून ताप आला म्हणून डोलो किंवा क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट होतं. मोठ्या माणसासाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. वृद्ध आणि यकृताचा त्रास असलेल्यांना डॉक्टर त्याहूनही कमी सांगतात.

एकाच घरात एकाला ट्रॅमाडॉलने गुंगी येते आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, हे लोक मनाचे खेळ समजतात. ते यकृतातल्या सीवायपी-२डी६ या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, खेळ आहेत. कोडीन (हेही अफूतलंच) आणि ट्रॅमाडॉल या विकरामुळे शरीरात जास्त ताकदीच्या रूपात बदलतात. कोणामध्ये हा विकर जन्मतः सुस्त, कोणामध्ये अतिवेगवान. सुस्त असेल त्याला आराम पडत नाही, वेगवान असेल त्याला ठरलेली मात्राही डोईजड होते. लहान मुलांमध्ये यातून मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ही दोन्ही औषधं देऊ नयेत असं बजावलं, आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनाही सावध केलं. तेव्हा "माझी गोळी घेऊन बघ, मला लगेच बरं वाटलं" हा शेजारधर्म इथे पाळू नये.

पोटाबद्दल बोलायला लोक लाजतात, पण रुग्ण औषध सोडतो ते पुष्कळदा बद्धकोष्ठामुळे. मळमळ आणि गुंगी काही दिवसांत कमी होते. आतड्यांची सुस्ती मात्र औषध चालू आहे तोवर राहते. आपल्या घरातला रामबाण म्हणजे इसबगोल. तो इथे चालत नाही. इसबगोल मळाचा आकार वाढवतो, पण आतडी ढकलतच नसतील तर तो गोळा आतच अडकून बसतो, त्यातून रुग्ण पाणी कमी पीत असेल तर अधिकच. म्हणून आतड्यांना हालचाल करायला लावणारं किंवा मळ मऊ करणारं औषध मॉर्फीनच्या पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून मागून घ्यावं. त्यांनी लिहिलं नसेल तर विचारावं, यात संकोच कसला!

ग्वाल्हेरच्या हवेचाही यात हात आहे. मे महिन्यात पारा ४५ वर जातो, लू चालते, म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत आणि मूत्रपिंडं मंदावतात. मॉर्फीनचे शरीरात तयार होणारे उपपदार्थ मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ते साठले की महिनाभर नीट सोसलेली मात्रा अचानक जड पडते. लघवी कमी झाली, जुलाब-उलट्या झाल्या, तर डॉक्टरांना कळवायला उशीर करू नये. जानेवारीत उलटा प्रकार. मॉर्फीनच्याच घराण्यातल्या फेंटानिलचा पॅच त्वचेतून तीन दिवस औषध सोडत राहतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, हीटरशी पाठ करून बसलं, शेक दिला, तर औषध वेगाने आत शिरतं. जोराच्या तापानेही हेच होतं. पॅच लावल्यावर आराम पडायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून अधीर होऊन दुसरा चिकटवायचा नाही. काढल्यावरही त्वचेत साठलेलं औषध पुढचे बरेच तास रक्तात येत राहतं.

'एसआर' (हळूहळू औषध सोडणारी) लिहिलेली गोळी गिळवत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून देऊ नका. बारा तासांचं औषध एकदम पोटात जातं. बारीक करता येईल असा दुसरा प्रकार डॉक्टर देतील. आणि काही आठवडे खंड पडला असेल, तर जुन्या मात्रेपासून सुरुवात करू नका. सराव सुटलेला असतो. पूर्वी पचलेली गोळी आता श्वास रोखू शकते.

गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि मोजून ठेवाव्यात. कोणावर संशय घ्यायचा म्हणून मोजायच्या नाहीत. रात्रीची गोळी दिली की नाही यावर दोन भावांत घोळ होतो, तेव्हा हिशेब कामाला येतो. वहीत वेळ लिहिली की दुसरी गोळी चुकून जात नाही. दुखणं संपलं, किंवा माणूसच गेला, तरी पट्टी फ्रिजवरच्या डब्यात पडून राहते, "राहू दे, कधी लागली तर" म्हणून. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये घरात उरलेल्या औषधांबद्दल सूचना काढल्या. त्यातल्या १७ औषधांची यादी संडासात टाकून पाणी सोडण्यासाठी आहे, कारण चुकून दुसऱ्याच्या हाती लागलेला एखादा डोसही जिवावर बेतू शकतो. मॉर्फीन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉल त्या यादीत आहेत. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाच्या जिवाला पुरेल इतकं औषध शिल्लक असतं. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि तसाच वाहून द्यायचा. अँटिबायोटिक वगैरे बाकीची औषधं मात्र संडासात टाकायची नाहीत, ती यादीत नाहीत.