हैदराबाद स्क्वाड्रनचा हिरवा नेमका कोणता?

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंत मशीनकडून रंग भरून घ्यायचे आणि व्हॉट्सॲपवर सोडून द्यायचे, ही हौस सध्या फोफावली आहे. दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमाने त्यात हमखास असतात. विमान हिरवे, जमीन तांबूस, आभाळ निळे. पाहणाऱ्याला वाटते, असेच असणार. पण तो रंग पुराव्यावर बसवलेला नसतो, दुसऱ्या असंख्य फोटोंवरून बांधलेला अंदाज असतो. मूळ फिल्ममध्ये रंगाची माहितीच नाही. शिवाय त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही वापरात होती आणि तिला लाल रंग दिसत नाही. अशा फिल्मवर ब्रिटिश विमानाच्या गोल खुणेतले बाहेरचे पिवळे कडे जवळजवळ काळे येते आणि निळा भाग फिकट पडतो. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तीच खूण वेगळी दिसते. त्यामुळे एकाच विमानाच्या दोन फोटोंवरून दोन रंगयोजना 'सिद्ध' करणारे लोक निघतात.

मराठवाड्याने या विषयात लक्ष घालावे याला कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, परभणी-बीडचा शेतसारा त्याच संस्थानाच्या तिजोरीत जात होता. त्या संस्थानाचे नाव ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ आणि २५३ या लढाऊ स्क्वाड्रन्सना जोडलेले होते. १९४०च्या बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये, म्हणजे जर्मन हवाई दलाविरुद्धच्या लढाईत, दोन्ही लढल्या, १५२ स्पिटफायर विमाने घेऊन आणि २५३ हरिकेन घेऊन. १५२च्या बोधचिन्हावर तर निजामाचे शिरोभूषण आहे.

या १५२च्या विमानांचे रंग पाहिले की रंगयोजना म्हणजे सजावट नव्हे हे कळते. १९४०मध्ये वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ यांचे वळणदार पट्टे आणि पोटाला 'स्काय' हा फिकट हिरवट रंग. कारण खाली इंग्लंडची शेते होती. ऑगस्ट १९४१मध्ये युरोपातल्या लढाऊ विमानांवरचा तपकिरी जाऊन ओशन ग्रे आला, पोट मीडियम सी ग्रे झाले. पुढे ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशच्या आघाडीवर आली तेव्हा जंगलावर उडायचे होते, म्हणून वर पुन्हा हिरवा-तपकिरी. गोल खुणेतला लाल मात्र पूर्ण काढला, कारण जपानी विमानांवर लाल गोल असे आणि घाईत आपल्याच विमानावर गोळी सुटण्याचा धोका होता. गडद निळ्या कड्यात फिकट निळा ठिपका एवढेच उरले. १५२च्या काही स्पिटफायरवर त्या निळ्या खुणेवरून झेप घेणारा काळा बिबट्याही रंगवलेला होता.

आता असे एखादे विमान पुन्हा उभे करायचे आहे. डार्क ग्रीनला ब्रिटिश मानकात क्रमांक आहे, बीएस ३८१सी मधला ६४१. डार्क अर्थ ४५०, स्काय २१०. क्रमांक सांगितला, डबा आणला, मारला, असे होत नाही. याच विमानावर युद्धात कोणता रंग बसला होता, ते विमानालाच विचारावे लागते.

त्यासाठी उन्हापावसापासून झाकलेली जागा शोधतात: तपासणीच्या झाकणाची आतली कड, पंख आणि धड जिथे जुळतात त्या पट्टीखालचा पत्रा, नंतर बसवलेल्या नावपट्टीच्या मागची जागा. तिथे रुपयाच्या नाण्याएवढा भाग पाण्याच्या पेपरने घासायचा. सुरुवात ६०० नंबरने, मग १०००, १५००, शेवटी २०००. मधोमध पत्रा दिसेपर्यंत जायचे आणि कडेला उतार ठेवायचा. एकेक थर एकेका कड्यासारखा उघडा पडतो. कोरडे घासायचे नाही. खालच्या प्रायमरमध्ये झिंक क्रोमेट असते, जुन्या रंगात शिसेही असू शकते आणि क्रोमेटची धूळ कर्करोग घडवते. मास्क हवाच, आणि घासलेले पाणी जमिनीवर न सोडता बाटलीत भरून धोकादायक कचऱ्यात द्यायचे. घासायला वापरायचे पाणी बोअरचे नको. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते, त्यातले क्षार पत्र्यावर राहतात, वर नवा थर चढला की हवेतला ओलावा ओढून घेतात आणि काही महिन्यांत रंगाला फोड येतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे.

कड्यांच्या मधली रेषा भिंगाखाली नीट पाहावी. दोन थरांमध्ये धुळीची, तेलाची काळपट रेघ असेल तर खालच्या रंगात विमान बरेच दिवस उडाले आणि मग वरचा रंग बसला. रेघ नसेल तर दोन्ही थर एकाच कामातले. कापसाच्या बोळ्याने थिनर लावूनही एक गोष्ट कळते: नायट्रोसेल्युलोज लॅकर विरघळून बोळ्याला रंग येतो, सिंथेटिक इनॅमल विरघळत नाही, फार तर सुरकुततो. पण हे कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या भागावरच करावे, नाहीतर पुरावाच पुसला जाईल.

हिरवे कडे सापडले, म्हणजे आता त्याला जुळणारा रंग बनवायचा. खरी अडचण इथे सुरू होते.

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीत साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस घेणारी बाई कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहते. दुकानात तंतोतंत जुळलेला हिरवा रस्त्यावर आला की निळसर निघतो, हे तिला अनुभवाने माहीत असते. विमानाच्या रंगाला नेमके हेच होते. त्याचे कारण डोळ्यात आहे.

प्रकाशाच्या दिसणाऱ्या पट्ट्यात साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या सगळ्या तरंगलांब्या येतात. प्रत्येक रंगद्रव्य त्यातल्या कोणत्या किती परत पाठवते, याची एक वक्ररेषा असते. ही रेषा म्हणजे त्या द्रव्याची खरी ओळख. डोळ्यात मात्र रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. संपूर्ण वक्ररेषेचा डोळा तीन बेरजांमध्ये चुराडा करतो आणि मेंदूकडे फक्त ते तीन आकडे जातात. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या वक्ररेषांचे तीन आकडे सारखे येऊ शकतात आणि आपल्याला दोन्ही रंग एकच वाटतात. पण आकडा ठरतो तो द्रव्याची रेषा, प्रकाशाची रेषा आणि पेशीची संवेदनशीलता यांच्या गुणाकारातून. प्रकाश बदलला की गुणाकार बदलतो आणि जुळलेली बेरीज फुटते. याला मेटामेरिझम म्हणतात.

उदाहरण घ्या. जुना हिरवा क्रोमियम ऑक्साइडचा आहे. तो ४६० आणि ६०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, मधे ५४०च्या जवळ परत पाठवतो आणि ७००च्या पुढे एकदम उंच चढतो. नवा हिरवा आहे थॅलो निळा हे कृत्रिम रंगद्रव्य आणि एक पिवळे द्रव्य मिसळून केलेला. त्याचा चढउतार वेगळा, तांबड्या टोकाला तो बराच खाली राहतो. दुपारच्या उन्हात दोन्हींची बेरीज मुद्दाम जुळवून घेतली. आता हे दोन नमुने ट्यूबलाइटखाली न्या. तीन फॉस्फरच्या ट्यूबचा प्रकाश सलग नसतो, सुमारे ४३६, ५४६ आणि ६११ नॅनोमीटरला सुळके आणि मधे दऱ्या. दोन्ही वक्ररेषा आता त्या सुळक्यांच्या जागीच तपासल्या जातात आणि तिथे त्या सारख्या असतील असे नाही. पिवळ्या बल्बखाली तांबडा भाग वाढतो, तेव्हा क्रोमियम ऑक्साइड तपकिरीकडे झुकतो आणि थॅलोचा नमुना हिरवाच राहतो. पांढऱ्या एलईडीला ४५०च्या आसपास निळा सुळका असतो, तिथे तिसराच निकाल.

म्हणून नमुना स्पेक्ट्रोफोटोमीटरवर मोजतात. हे यंत्र ४०० ते ७००पर्यंत दर १० नॅनोमीटरला एक, अशी ३१ मोजमापे देते, म्हणजे वक्ररेषाच हातात येते. त्यावरून एल, ए, बी हे तीन आकडे काढतात: उजळपणा, हिरवा-तांबडा कल आणि निळा-पिवळा कल. दोन नमुन्यांच्या तिन्ही फरकांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचे, तो डेल्टा ई. तो १च्या खाली असेल तर सराईत डोळ्यालाही फरक सहसा कळत नाही. पण डेल्टा ई एकाच प्रकाशासाठी काढून थांबायचे नाही. ठरवून दिलेले प्रमाण प्रकाश असतात: दिवसाच्या प्रकाशाचा डी६५, बल्बचा ए आणि ट्यूबचा एफ११. तिन्हींसाठी काढायचा. तिन्हीकडे तो लहान असेल, तरच द्रव्य जवळचे निवडले गेले असे समजावे. वाळूज-चिकलठाण्याच्या पेंट शॉपमध्ये काम केलेल्यांना हे नवे नाही, गाडीचा बंपर आणि दरवाजा जुळवताना हेच करावे लागते. मोबाइलचा कॅमेरा रोखून 'अचूक रंग' सांगणाऱ्या ॲपवर मात्र विसंबू नये. कॅमेऱ्याकडेही तीनच फिल्टर असतात आणि वर तो आपला पांढरा तोल आपोआप बदलतो. डोळ्याला जे कळत नाही, ते त्यालाही कळत नाही.

वक्ररेषा हाती आली तरी ती १९४४ची नसते, आजची असते. तेलाधारित रंगाचा थर अंधारात पिवळा पडतो आणि आपण तर मुद्दाम झाकलेली जागा शोधली. त्यासाठी उघडा केलेला नमुना काही आठवडे काचेमागच्या उजेडात ठेवून पुन्हा मोजतात. अंधारातला पिवळेपणा बराचसा उतरतो. नायट्रोसेल्युलोजचे नेमके उलट, ते उजेडानेच पिवळे पडते. थिनरचा बोळा आधी का लावायचा, ते इथे कळते. चमकही मोजावी लागते, कारण मॅट पृष्ठभाग सगळीकडे पांढरा प्रकाश विखुरतो आणि तोच रंग फिकट, धुरकट भासतो.

चंदेरी विमानांची गोष्ट थोडक्यात. पी-५१ मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानाचे पंख आज आरशासारखे चकचकीत केलेले दिसतात, ते बरोबर नाही. कारखान्यात त्या पंखाच्या पुढच्या भागातले सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरून, घासून, वर ॲल्युमिनियमची पूड घातलेले लॅकर मारत, म्हणजे हवा पंखाला चिकटून सरळ वाहावी. धड उघड्या पत्र्याचे, पंख रंगवलेले, हा फरक दिसायलाच हवा.

उडणाऱ्या विमानात रंगाचे वजन जिवावर बेतू शकते. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर हे विमान वळवणारे हलते भाग बिजागरीभोवती तोललेले असतात. जुना थर न काढता वर नवे दोन थर चढवले की बिजागरीमागचे वजन वाढते आणि विशिष्ट वेगाला तो भाग फडफडू लागतो. ही फडफड काही सेकंदांत भाग तोडू शकते. म्हणून रंगानंतर प्रत्येक भाग सुटा करून पुन्हा तोलायचा. कापडी भागावर लाल डोपनंतरचा (डोप म्हणजे कापड ताणून धरणारे लॅकर) चंदेरी डोपचा थर तर कधीच गाळायचा नाही. त्यातली ॲल्युमिनियमची पूड अतिनील किरण अडवते, नाहीतर कापड सडते.

२६ सप्टेंबर २०२५ला भारतीय हवाई दलाचे मिग-२१ हे लढाऊ विमान निवृत्त झाले. निवृत्त विमाने चौथऱ्यावर चढतात आणि कंत्राटदार 'चंदेरी इनॅमलचा एक हात' मारून मोकळा होतो. ऊन-पावसात उभ्या विमानाला याहून जास्त लागते. वायर ब्रश किंवा स्टील वूल लावले तर लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच गंज धरतो. वाळूचा मारा केला तर पत्र्यावरचे शुद्ध ॲल्युमिनियमचे आवरण उडते. पातळ पत्र्यात ते एका बाजूला जाडीच्या जेमतेम ५ टक्के असते. रंग काढायला पत्र्याला चालणारे स्ट्रिपर आणि प्लास्टिकची खरवडणी वापरावी. मग इपॉक्सी प्रायमर सुमारे २० ते २५ मायक्रॉन आणि त्यावर दोन घटकांचे ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन सुमारे ५० मायक्रॉन. मे महिन्यात दुपारी हात लावता येत नाही एवढा पत्रा तापतो. तेव्हा गन चालवली तर थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत पोत येतो. काम पहाटे करावे, मंद थिनर घ्यावा आणि मिश्रण थोडे थोडे करावे, कारण उकाड्यात ते डब्यातच घट्ट होते. पांढऱ्यासाठी रूटाइल प्रकारचा टायटॅनियम डायऑक्साइड मागावा. ॲनाटेज हा दुसरा प्रकार उन्हात रंगातली राळ लवकर खातो आणि हात फिरवला की खडूसारखी पूड येते.

भारतीय गोल खूण बाहेरून केशरी, मधे पांढरी, केंद्रात हिरवी. हा क्रम उलटा रंगवला जाऊ नये. आधी पूर्ण वर्तुळ पांढरे मारावे, वाळल्यावर कंपासने कापलेला मास्क लावून केशरी आणि शेवटी हिरवा. टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, तिरकी आणि सावकाश काढावी. पोटाखालची पाणी निघायची छिद्रे रंगाने बुजली नाहीत ना, ते तारेने तपासावे.

आणि रंग काढताना हातभर चौकोन जुन्या थरांसकट तसाच सोडावा, एखाद्या झाकणाखाली. त्यावर वॉर्निशही नको. तो कुठल्या झाकणाखाली आहे, हे लॉगबुकात लिहून ठेवायचे, म्हणजे पुढचा रंगारी तो घासून टाकणार नाही.