पट्टा घेण्याआधी सांधा ओळखा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही सांध्यांना आधार देणाऱ्या वस्तू बनवतो: गुडघ्याचे पट्टे, घोट्याचे आधार, मनगटाचे आणि अंगठ्याचे स्प्लिंट, कमरेचे बेल्ट, मानेच्या कॉलर. माप घेताना आमचे प्रश्न ऐकून काही जण बुचकळ्यात पडतात. कुठे दुखतंय, एवढ्यावर आमचं भागत नाही. कोणत्या बाजूला हलवलं की दुखतं, कोणत्या बाजूला हलवलं तर काहीच होत नाही, हे आम्ही खोदून खोदून विचारतो. कारण चांगला पट्टा त्रास देणारी हालचाल अडवतो आणि बाकीच्या मोकळ्या सोडतो. सगळंच आवळून ठेवलं तर थोड्या दिवसांत सांधा आखडतो आणि मूळ दुखण्यात आणखी एकाची भर पडते. म्हणून तुमचा सांधा कोणत्या जातीचा आहे, हे आमच्याइतकंच तुम्हालाही माहीत असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सांध्यांची वर्गवारी कशावरून होते?

दोन हाडं जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा, मग तो हलो वा न हलो. शरीरशास्त्र त्याच्याबद्दल दोन प्रश्न विचारतं. पहिला, दोन हाडांच्या मध्ये काय आहे? चिवट तंतू असतील तर तो तंतुमय सांधा, कूर्चा असेल तर कूर्चामय. कूर्चा म्हणजे कानाचा वरचा भाग दुमडला की बोटांना लागते तशी लवचीक, घट्ट वस्तू. आणि मध्ये पोकळी, पोकळीत थोडं वंगण, बाहेरून पिशवीसारखं आवरण अशी रचना असेल तर तो सायनोव्हियल सांधा. त्याला मराठीत स्नेहल सांधाही म्हणतात.

दुसरा प्रश्न, सांधा हलतो किती? मुळीच न हलणारा अचल, जरासा हलणारा अल्पचल आणि मोकळेपणाने हलणारा चल. दोन्ही वर्गवाऱ्या बऱ्याच ठिकाणी जुळतात, पण सगळीकडे नाही. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि कमरेचं हाड यांच्यातला सांधा पुढच्या भागात सायनोव्हियल आहे, तरी तो जेमतेम हलतो. तेव्हा पुस्तकातले कप्पे समजून घेण्यासाठी वापरावेत, शरीर त्यांत कोंबू नये.

तंतूंनी शिवलेले सांधे

कवटीची हाडं नागमोडी शिवणींनी एकमेकांत गुंतलेली असतात. तान्ह्या बाळाची टाळू मऊ लागते, कारण तिथली हाडं अजून एकमेकांपर्यंत पोचलेली नसतात. पुढची टाळू साधारण दीड ते दोन वर्षांपर्यंत भरते. दात हे हाड नव्हे, तरी जबड्याच्या खाचेत तो तंतूंनीच धरलेला असतो आणि म्हणून सांध्यांच्या यादीत त्यालाही जागा आहे.

या गटातला एक सांधा मात्र आमच्या कामात वारंवार येतो. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, ही दोन घोट्याच्या जरा वर तंतूंनी बांधलेली असतात. पाय मुरगळल्यावर दुखणं घोट्याच्या बाहेरच्या टेंगळाखाली न राहता वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल, तर तो बांध ताणला गेलेला असू शकतो. साध्या लचकेपेक्षा तो बरा व्हायला जास्त वेळ लागतो. अशा वेळी नेहमीचा घोट्याचा पट्टा घेऊन चालायला लागू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

कूर्चेचे सांधे, आणि ‘मणक्यातला गॅप’

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते. हाड लांबीला वाढतं ते तिथे. वय वाढलं की ती चकती हाडातच विरून जाते. पण ती असेपर्यंत अनेकदा शेजारच्या अस्थिबंधांपेक्षा, म्हणजे लिगामेंटपेक्षा, कमजोर असते. मोठ्या माणसाच्या ज्या धक्क्याने लिगामेंट ताणलं जाईल, त्याच धक्क्याने मुलाच्या या चकतीला इजा होऊ शकते. वरून दोन्ही सारखंच दिसतं, सूज आणि दुखणं. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही पट्टा देत नाही. काही पालक यावर नाराज होतात, पण इथे आम्ही बदलणार नाही.

मणक्यांमधल्या चकत्या याच गटातल्या. त्यांना आपण गादी म्हणतो आणि ते नाव योग्यच आहे. अशा 23 गाद्या पाठीच्या कण्यात असतात. कवटी आणि पहिल्या मणक्यामध्ये गादी नाही, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामध्येही नाही. बाहेर तंतूंची कडी, आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर अशी तिची घडण असते. दिवसभराच्या भाराने गरातलं थोडं पाणी बाहेर पडतं, रात्री आडवं झाल्यावर ते परत शोषलं जातं. म्हणूनच सकाळी उठल्यावर माणसाची उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते.

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य आम्ही खूप ऐकतो. ऐकून वाटतं की दोन मणके एकमेकांपासून दूर गेले. प्रत्यक्षात बहुतेकदा उलट घडलेलं असतं. गादी झिजून चपटी झालेली असते आणि मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं असतं. यावरून काही जण कमरेचा बेल्ट ‘गॅप भरून काढायला’ मागतात. बेल्टने गादी भरून येत नाही. तो पोटाला आणि कमरेला बाहेरून आधार देतो, वाकण्याला थोडा आळा घालतो, आणि दुखणं जोरात असताना तेवढ्याने उठबस सुसह्य होते. दुखणं ओसरल्यावर तो काढून कमरेच्या स्नायूंना त्यांचं काम परत द्यायचं असतं.

वंगणाचे सांधे

हातापायांचे जवळजवळ सगळे सांधे सायनोव्हियल आहेत. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. त्याचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तेव्हा तो द्रव कूर्चेत झिरपतो. सांधा हलता ठेवा, असं डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सारखं का सांगतात, याचं एक मोठं कारण हे आहे. रक्तपुरवठाच नसल्यामुळे कूर्चा झिजली की ती भरून येणंही फार अवघड असतं.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ असं म्हणतात. निरोगी गुडघ्यातही हा द्रव चहाच्या चमचाभर नसतो, जेमतेम काही मिलिलिटर. झिजेच्या आजारात द्रव पातळ होतो, पण मुख्य नुकसान कूर्चेचं असतं. उलट ‘गुडघ्यात पाणी झालं’ म्हणतो तेव्हा हाच द्रव प्रमाणाबाहेर वाढलेला असतो. तेव्हा सुजलेल्या गुडघ्यात वंगण कमी पडलंय, असा तर्क करू नका.

हे सांधे हाडांच्या टोकांच्या आकारावरून पुन्हा सहा जातींत विभागतात, आणि पट्ट्याची निवड खरं तर इथून सुरू होते.

बिजागरीचा सांधा एकाच दिशेत उघडझाप करतो. कोपर आणि बोटांची पेरं ही त्याची नेमकी उदाहरणं. घोटाही बिजागरीच आहे, पाऊल वर आणि खाली. पाऊल आत-बाहेर कलतं ते घोट्याच्या खालच्या वेगळ्या सांध्यातून. पाय मुरगळतो तो बहुधा आत कलून, आणि ताणलं जातं बाहेरचं लिगामेंट. म्हणूनच आमच्या घोट्याच्या आधाराला दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या असतात. पाऊल वर-खाली होतं, चालता येतं, पण कलणं अडतं.

गुडघ्यालाही शाळेच्या पुस्तकात बिजागरी म्हटलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात ठेवा, टाच जमिनीवर टेकवून पावलाचं टोक आत-बाहेर फिरवा आणि हात नडगीवर ठेवून बघा. नडगी गुडघ्याखाली फिरते. आता पाय सरळ करून तसंच करा. या वेळी सगळा पाय खुब्यातून फिरतो, गुडघ्यातून काही वळत नाही. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेर वळून गुडघा कुलूप लावल्यासारखा पक्का बसतो, त्यामुळे उभं राहताना मांडीच्या स्नायूंना फार जोर लावावा लागत नाही. वाकवताना गुडघ्यामागचा एक लहानसा स्नायू ते कुलूप काढतो. आम्हाला तर शरीरातल्या सगळ्या सांध्यांत हा सांधा सर्वांत थक्क करणारा वाटतो.

याचा पट्ट्याशी संबंध असा. गुडघा वाकताना मांडीचं हाड नडगीवर लोळतं आणि घसरतंही, म्हणजे त्याचा फिरण्याचा बिंदू एका जागी राहत नाही. पट्ट्याला एकच खिळा असलेली साधी बिजागरी असेल तर वाकताना पट्टा एका वाटेने आणि गुडघा दुसऱ्या वाटेने जातो, आणि पट्टा खाली सरकत राहतो. म्हणून आमच्या बिजागरीच्या पट्ट्यात एकमेकांत अडकणाऱ्या दात्यांचे दोन बिंदू असतात. तो घालताना बिजागरी गुडघ्याच्या वाटीच्या मध्याच्या उंचीवर आणा. पट्टा घसरतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा पट्टा आम्ही आधी इथे तपासतो.

आणखी एक सांगायचं. गुडघ्यातल्या अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या फाटतात त्या बहुधा वजन पायावर असताना, वाकलेल्या गुडघ्याला पीळ बसून. कापडी नी-कॅपने पीळ अडत नाही. ती ऊब देते, थोडा दाब देते, मनाला धीर देते, आणि पुष्कळांना तेवढं पुरतं. पण चालताना गुडघा दगा देत असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर नी-कॅपवर वेळ घालवू नका.

खुंटीच्या सांध्यात एक हाड दुसऱ्याभोवती फिरतं. ‘नाही’ म्हणून मान हलवता तेव्हा पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या उभ्या खुंटीभोवती फिरतो. ‘हो’ म्हणता ते मात्र कवटी आणि पहिल्या मणक्यामधून. हाताचा तळवा उपडा-उताणा होतो तोही खुंटीच्या सांध्यांमुळे, आणि ते कोपराशी व मनगटाशी, हाताच्या दोन हाडांच्या मध्ये असतात. मनगटाचा मुख्य सांधा लंबगोल जातीचा. तो पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना कलतो, स्वतःभोवती फिरत नाही. किल्ली फिरवताना किंवा स्क्रू पिळताना दुखत असेल तर आखूड मनगटी स्प्लिंटने फारसा फरक पडणार नाही. हे आम्हाला आधीच सांगा. मुठीच्या टेंगळांजवळचे सांधेही याच लंबगोल जातीचे.

खोगिरी सांधा म्हटलं की अंगठ्याचं मूळ. दोन खोगिरं आडवी-उभी एकमेकांवर ठेवल्यासारखी हाडांची टोकं तिथे बसतात. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर जातो आणि बाकी चारही बोटांना समोरून भिडतो. पकड घट्ट करताना या लहानशा सांध्यावर भार एकवटतो आणि तो झिजण्याचं प्रमाण मोठं आहे. लोक मात्र मनगट दुखतंय म्हणून येतात. बरणीचं झाकण उघडताना, कपडे पिळताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर मनगटाचा पट्टा घेऊ नका. इथे अंगठ्याचं मूळ धरणारा आणि टोकाचं पेर मोकळं सोडणारा स्प्लिंट लागतो.

उखळीचा सांधा सगळ्या दिशांना फिरतो. खुबा आणि खांदा, दोन्ही याच जातीचे, पण स्वभाव वेगळे. खुब्याची उखळ खोल, त्यामुळे तो भक्कम. खांद्याची खोबण जवळजवळ बशीसारखी उथळ. हाडाचा गोळा तिथे टिकतो तो आवरणाच्या आणि भोवतीच्या चार स्नायूंच्या बळावर. हात हवा तिकडे फिरवता येतो त्याची ही किंमत आहे. मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वांत जास्त वेळा निखळतो. खांद्याला झोळी दिली असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपेक्षा एक दिवसही जास्त वापरू नका, खांदा फार लवकर आखडतो. खुब्याबद्दलही एक सावधगिरी: त्याचं दुखणं कधी कधी गुडघ्यात जाणवतं. गुडघ्याला हात लावून, वाकवून काहीच दुखत नाही, पण मोजा घालायला पाय उचलताना गुडघ्यात कळ येते, असं असेल तर नी-कॅप घेण्याआधी खुबा तपासून घ्या.

सहावी जात सरकत्या सांध्यांची. तळहाताच्या मुळाशी असलेली लहान हाडं, मणक्यांच्या मागचे जोड, अशी सपाट टोकं एकमेकांवर थोडी सरकतात.

जबडा कोणत्या कप्प्यात घालावा, असं विचाराल तर कानापुढे बोट ठेवून तोंड हळूहळू उघडा. सुरुवातीला बिजागरीसारखं फिरणं आणि मग हाड पुढे सरकलेलं बोटाला कळेल.

माप द्यायला येताना

दुखणारी हालचाल एकदा घरी करून बघा आणि ती आम्हाला करून दाखवा. नुसतं सांगण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर बरोबर आणा. सूज दिवसभरात वाढत असेल तर संध्याकाळी माप द्या.

सांधा लाल, गरम, सुजलेला असून ताप असेल, पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, सांध्याचा आकार बदललेला दिसत असेल, किंवा हात-पाय बधिर पडला असेल, तर आमच्याकडे येऊ नका. थेट दवाखाना गाठा. अशा सांध्यावर आम्ही पट्टा बांधणार नाही.

नवा पट्टा पहिल्या दिवशी तासाभराने काढून कातडी बघा. लाल रेघा उमटणं स्वाभाविक आहे. अर्ध्या तासानंतरही त्या तशाच राहिल्या, किंवा पट्टा घातल्यावर बोटं गार पडली, मुंग्या आल्या, तर माप चुकलंय. तो तसाच वापरू नका, परत घेऊन या. आम्ही पुन्हा माप घेऊ.